बोस्टनचा नकाशा आणि राधानगरीची गाठ

पत्र

ताई, नमस्कार. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, वय ५८. लेक लग्न झाल्यापासून अमेरिकेत, बोस्टनजवळ असते. ३४ वर्षांची आहे, मूलबाळ अजून नाही. तिच्या ऑफिसातल्या दोघीतिघींना स्तनाचा कॅन्सर निघाला, सगळ्यांचा पहिल्या स्टेजचा. तेव्हापासून तिनं धास्ती घेतलीय. सुरुवातीच्या स्टेजचा स्तनाचा कॅन्सर कुठल्या राज्यात किती, असा अमेरिकेचा एक नकाशा तिनं मला पाठवला. तिचं मॅसॅच्युसेट्स त्यात गडद रंगात आहे आणि मिसिसिपीसारखी दक्षिणेकडची राज्यं फिकट. ती म्हणते, इथल्या पाण्यात-खाण्यात काहीतरी असणार, आम्ही परत येतो. आमच्या ह्यांचंही तेच मत. हे म्हणतात, आपलं राधानगरीकडचं गाव बघ, आजवर एका बाईला हा रोग झाला नाही. खरंच जागोजागी एवढा फरक असतो का? लेकीनं परत यावं का? आणि घराण्यातून तिला काही धोका आहे का? विचारायचं कारण, गावाकडं माझ्या धाकट्या जावेला, वय ५२, गणपतीत डाव्या छातीत गाठ लागली. दुखत नाही म्हणून ती मनावर घेत नाही. हंगाम उरकला की बघू म्हणते.

उत्तर

नमस्कार.

पत्र तुम्ही लेकीसाठी लिहिलंत आणि जाऊबाई त्यात शेवटच्या चार ओळींत आल्या. मी उत्तर उलट बाजूनं देते. लेक आज धडधाकट आहे. जाऊबाईंच्या छातीत मात्र गाठ आहे, आणि गणपतीत लागलेली ती गाठ मार्गशीर्ष आला तरी एकाही डॉक्टरनं बघितलेली नाही. नकाशाबद्दल पुढं सविस्तर बोलते, पण त्याआधी हे.

‘दुखत नाही’ हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. दुखत असती तर त्या कधीच दवाखान्यात आल्या असत्या. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, आणि म्हणूनच बायका ती अंगावर काढतात. धीराची गोष्टही सांगते. छातीत लागणाऱ्या दहातल्या आठ-नऊ गाठी कॅन्सरच्या नसतात. पण पन्नाशी ओलांडलेल्या बाईला नव्यानं लागलेली गाठ तपासल्याशिवाय साधी म्हणता येत नाही. मुरलेल्या सर्जनलाही ते नुसत्या हातानं ठरवता येत नाही, मग घरच्या माणसांनी कसं ठरवायचं?

उशिरानं काय होतं, तेही कळू द्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जगभरातल्या ८७ अभ्यासांची एकत्र मांडणी आली होती, लाखभर रुग्णांची. लक्षण दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत ज्यांचे ३ महिने किंवा त्याहून जास्त गेले, त्यांच्यातल्या ५ वर्षं जगलेल्यांचं प्रमाण वेळेत आलेल्यांपेक्षा १२ टक्क्यांनी कमी भरलं. जाऊबाईंचे ३ महिने आत्ताच भरले आहेत. उसाचा गळीत हंगाम मार्चपर्यंत चालतो. म्हणजे आणखी तेवढेच महिने, आणि त्यानंतर जोतिबाची यात्रा, मग लग्नसराई, मग पेरणी.

त्यांची अडचण मला समजते, ती खोटी नाही. तोड कधी येईल याचा नेम नसतो आणि आली की घरात माणूस लागतं. त्याहून मोठी अडचण म्हशीची. सकाळ-संध्याकाळची धार, दूध संस्थेत जायची वेळ, दहा दिवसांच्या बिलावर चाललेलं घर. सवयीचा हात नसला तर म्हैस पान्हा सोडत नाही, हे गावाकडं राहिलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम करताना मी बायकांना ‘आधी का आला नाहीत’ असं विचारायचे, तेव्हा पैशाच्या आधी म्हशीचं नाव निघायचं. म्हणून डॉक्टरची वेळ ठरवायच्या आधी म्हशीची सोय ठरवा. घरात कुणाचा हात चालतो, सुनेचा की शेजारणीचा? चार दिवस तिला जाऊबाईंच्या बरोबरीनं धारेला बसू द्या. दुधाची थोडी घट येईल, ती सोसा.

बोलणी तुम्हीच करा. तुम्ही थोरल्या आहात, तुमचा शब्द मोडणार नाहीत. फोनवर कॅन्सरचं नाव काढून घाबरवू नका, पण ‘काही नाही गं, सहज जाऊ’ असं खोटंही सांगू नका. उद्या रिपोर्ट वेगळा आला तर त्यांचा तुमच्यावरचा विश्वास जाईल, आणि तो पुढं फार लागणार आहे. एवढंच म्हणा की गाठ कसली आहे ते बघायलाच हवं, मीसुद्धा माझी तपासणी करून घेणार आहे, दोघी मिळून जाऊ. धाकट्या दिरांनाही विश्वासात घ्या. बायकोच्या छातीची गोष्ट आहे म्हणून नवरे अवघडतात आणि गप्प बसतात, त्या गप्प बसण्याला बाई नकार समजते. लेडी डॉक्टर हवी असेल तर केसपेपर काढतानाच सांगा, आणि तपासताना तुम्ही आत थांबा.

गावातल्या दवाखान्यात गोळ्या, मग तालुक्याला इंजेक्शन, मग कुणीतरी सांगितलेला लेप, असं फिरत बसू नका. थेट कोल्हापूरला आणा. सीपीआरमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात, सर्जरीच्या ओपीडीत दाखवा किंवा स्तनाची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडं जा. कॅन्सरची वेगळी रुग्णालयं कोल्हापुरात आहेत, मिरजेतही आहेत. पहिल्या तपासणीसाठी मुंबईला, परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात धावायची गरज नाही. पुढं दुसरं मत हवंसं वाटलं तर तो रस्ता उघडाच आहे.

तिथं तीन गोष्टी व्हायला हव्यात आणि तिन्ही झाल्या का, ते तुम्ही बघा. डॉक्टर दोन्ही छात्या आणि दोन्ही काखा हातानं तपासतील, गाठ एकाच बाजूला असली तरी. मग मॅमोग्राफी, म्हणजे छातीचा खास एक्स-रे, आणि सोनोग्राफी. आणि मग बायोप्सी, म्हणजे तेवढ्या जागेला भूल देऊन जाडसर सुईनं गाठीचे बारीक तुकडे काढायचे. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, असं तुम्हाला चार जण सांगतील. तसं होत नाही. उलट बायोप्सी न करता ऑपरेशन केलं की नुकसान होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शाहूवाडी तालुक्यातली एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन माझ्यासमोर बसली होती. एका खासगी दवाखान्यात ‘साधी गाठ आहे, काढून टाकू’ म्हणून तिची गाठ काढली होती. काढलेला तुकडा तपासायला पाठवलाच नव्हता. वर्षाच्या आत तिथंच पुन्हा गाठ आली, काखेतही आली. पिशवीत बिलं होती, गोळ्यांच्या चिठ्ठ्या होत्या, एक्स-रे होता. ज्या एका कागदावर पुढचा सगळा उपचार ठरला असता, तो पॅथॉलॉजीचा रिपोर्ट तेवढा नव्हता. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती मला विचारत होती, ‘माझं काय चुकलं?’ तिचं काहीच चुकलं नव्हतं, ती वेळेवर आली होती. म्हणून सांगते, आधी सुई, मग सुरी. बायोप्सीत कॅन्सर निघाला तर त्याच तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या होतात. कुठलं औषध लागू पडेल हे त्यावरून ठरतं. लॅबमधून ते तुकडे मेणाच्या ठोकळ्यात मिळतात, त्याला ब्लॉक म्हणतात. रिपोर्ट आणि ब्लॉक दोन्ही जपून ठेवा.

स्तन काढावाच लागेल, या भीतीनंही बायका घरी बसतात. गाठ लहान असेल तर नुसती गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढून पुढं रेडिएशन देता येतं. अमेरिका आणि इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. त्यांत स्तन राखलेल्या आणि पूर्ण काढलेल्या बायकांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. लवकर येण्यात हाही फायदा आहे, आणि तो जाऊबाईंना जरूर सांगा.

खर्चाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि रेशनकार्ड पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही चालतं. ऑपरेशन, केमो, रेडिएशन त्यात बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला पहिल्याच दिवशी भेटा. रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय का, हे घरातून निघतानाच बघा. नावात एका अक्षराचा फरक निघाला की आठवडा जातो.

आता तुमचा नकाशा.

सुरुवातीच्या स्टेजचा कॅन्सर म्हणजे ढोबळ मानानं पहिली आणि दुसरी स्टेज. पहिल्या स्टेजला गाठ बहुधा २ सेंटिमीटरच्या आतली असते. एवढी गाठ बाईला आपली आपण लागेलच असं नाही. बऱ्याचदा ती सापडते ती कुणीतरी शोधली म्हणून, मॅमोग्राफीनं किंवा शिकलेल्या हातानं. तेव्हा एखाद्या भागात ‘सुरुवातीच्या स्टेजचे कॅन्सर जास्त’ असं दिसलं की त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. तिथं रोग किती आहे ही एक, आणि तिथं तो किती शोधला जातो ही दुसरी. नकाशावरचा रंग या दोन्ही वेगळ्या करून दाखवत नाही.

कल्पनेतली दोन गावं घ्या. दोन्हीकडं २० बायकांच्या छातीत रोग वाढतोय, अगदी सारखा. पहिल्या गावात दर दोन वर्षांनी तपासणी होते. तिथं १५ जणींचा पहिल्या-दुसऱ्या स्टेजला सापडतो, पाच जणींचा उशिरा. दुसऱ्या गावात तपासणीच नाही. तिथं पाच जणी लवकर येतात, ११ जणी उशिरा, आणि चौघींना काय झालं होतं ते त्या गेल्यावरही कुणाला कळत नाही. आता सुरुवातीच्या स्टेजचा नकाशा रंगवा. पहिलं गाव १५, दुसरं ५. पहिलं तिपटीनं गडद. त्या रंगाकडं बघून पहिल्या गावातली लेक दुसऱ्या गावात राहायला गेली, तर आईनं काय म्हणायचं?

अमेरिकेत नेमकं हेच दिसतं. मॅसॅच्युसेट्समध्ये स्तनाचा कॅन्सर सापडण्याचा दर त्या देशाच्या सरासरीच्या वर आहे, पण त्यानं होणाऱ्या मृत्यूंचा दर तिथल्या सर्वांत कमी राज्यांत मोडतो. मिसिसिपीत उलट. तिथं सापडण्याचा दर सरासरीच्या खाली आणि मृत्यूचा दर सर्वांत जास्त असलेल्या राज्यांत. मॅसॅच्युसेट्सनं २००६ मध्येच कायदा करून जवळजवळ सगळ्यांना आरोग्य विम्याखाली आणलं. मिसिसिपीत गरिबी जास्त, विमा नसलेले जास्त. तिथली काळ्या वंशाची लोकसंख्याही मोठी आहे, आणि त्या देशात काळ्या बायकांना हा रोग गोऱ्या बायकांपेक्षा किंचित कमी होत असूनही त्यानं मरण्याचं प्रमाण त्यांच्यात सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. लेकीच्या नकाशातला फिकट रंग म्हणजे सुरक्षित जागा नाही. ऑफिसातल्या दोघीतिघींचा कॅन्सर पहिल्याच स्टेजला सापडला, म्हणजे तिथं बायकांची वेळच्या वेळी तपासणी होते. लेकीला हेच सांगा.

तरी तिचा संशय अगदीच निराधार आहे, असं मी म्हणणार नाही. जागेचा फरक काही अंशी खराही असतो. जपानमधून अमेरिकेत गेलेल्या बायकांच्या पुढच्या पिढ्यांत हा रोग वाढत गेला, हे जुन्या अभ्यासांतून दिसलंय, आणि रक्त तर तेच होतं. बदललं ते जगणं. पहिलं मूल उशिरा होणं किंवा न होणं, अंगावर कमी पाजणं, पाळी लवकर येणं आणि उशिरा जाणं, पाळी गेल्यावर वाढलेलं वजन, दारू, ही माहीत असलेली कारणं आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकांत यातली बरीच एकत्र येतात. पाण्यातल्या कुठल्या एका विषाकडं बोट दाखवावं, असं तिथं सिद्ध झालेलं नाही. आपल्या पंचगंगेच्या प्रदूषणाविरुद्ध भांडायलाच हवं, पण स्तनाच्या कॅन्सरचा हिशेब तिच्या नावावर मांडू नका. त्या नादात छाती तपासायची राहून जाते. आणखी एक गोष्ट. मॅमोग्राफीत सापडणाऱ्या काही गाठी इतक्या संथ असतात की शोधल्या नसत्या तरी बाईला आयुष्यभर त्रास झाला नसता. अमेरिकेत निदान होणाऱ्या साधारण सहातल्या एकीचा रोग दुधाच्या नळीच्या आतच थांबलेला असतो. नकाशात तेही मोजले असतील तर गडद रंगात त्यांचीही भर असते.

आपल्या देशात कॅन्सरची गणती राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमातून होते. त्याच्या २०२० च्या अहवालात २०१२ ते २०१६ चे आकडे आहेत. वयाचा हिशेब सारखा करून बघितलं तर हैदराबादेत लाख बायकांमागे ४८ जणींना दरवर्षी स्तनाचा कॅन्सर निघत होता, आणि बार्शीच्या ग्रामीण नोंदणीत त्याच्या निम्म्याहून कमी. शहर आणि गाव यांत फरक आहे, तो खरा आहे, आणि कारणंही बरीचशी वर सांगितली तीच आहेत. गावाकडं मुलं लवकर होतात, जास्त होतात, दोन-दोन वर्षं अंगावर पितात. तुमचे यजमान म्हणतात त्यात एवढं तथ्य आहे.

पण ‘एका बाईला झाला नाही’ हे त्यांना कुणी मोजून सांगितलं? महाराष्ट्रात त्या अहवालातली लोकसंख्येवरची नोंदणी मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, उस्मानाबाद-बीड आणि बार्शीची आहे. कोल्हापूर जिल्हा त्यात नाही. तेव्हा राधानगरी तालुक्यात किती जणींना हा रोग आहे, हे त्या अहवालातून कळत नाही. स्तनाचा कॅन्सर पसरला की हाडांत जातो, फुप्फुसात, यकृतात जातो. मग गावात बोललं जातं की अमकीची कंबर धरली होती, तमकीच्या छातीत पाणी झालं, कुणाची कावीळ उतरलीच नाही. छातीतली गाठ तिनं कुणाला दाखवलेली नसते आणि माती झाल्यावर कुणी विचारत नाही. यजमानांना शांतपणे एवढंच विचारा की गेल्या दहा-पंधरा वर्षांत पन्नाशी-साठीत गेलेल्या बायका कशानं गेल्या. आठवून सांगायला लागले की ते स्वतःच थांबतील.

रोग कमी असणं आणि तो उशिरा सापडणं, या दोन गोष्टी एकाच गावात एकत्र नांदू शकतात. आपल्याकडं तसंच आहे. त्याच अहवालात देशभरातल्या रुग्णालयांत आलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांपैकी ५७ टक्के जणींचा रोग येतानाच आसपासच्या भागात पसरलेला होता. अमेरिकेत सुमारे दोन-तृतीयांश जणींचा रोग सापडतो तेव्हा स्तनापुरताच असतो. त्याचा परिणाम २०२४ मध्ये छापून आलेल्या भारतातल्या एका मोठ्या अभ्यासात दिसतो. देशातल्या ११ नोंदणी केंद्रांवरच्या बायकांचा तो अभ्यास आहे. रोग स्तनापुरता असताना सापडला तर ५ वर्षांनी ८१ टक्के जणी हयात होत्या. आसपास पसरलेला असताना ६५.५ टक्के. दूर पसरल्यावर १८.३ टक्के. आणि प्रदेशाप्रदेशांतला फरक बघा. मिझोराममध्ये जवळपास ७५ टक्के, अरुणाचलातल्या पासीघाटला ४२ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही ईशान्येकडचीच. एवढं अंतर नुसत्या हवापाण्यानं पडत नाही. रोग किती लवकर सापडतो आणि उपचार किती पुरा होतो, यानंही ते पडतं.

हे बदलता येतं का? येतं, आणि त्यासाठी बोस्टनला बघायची गरज नाही. बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिथले कार्यकर्ते नोंदी करायला गावोगाव फिरायचे आणि बायकांशी बोलायचे. त्या बोलण्यानंच गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर लवकरच्या स्टेजला घेऊन येणाऱ्या बायका वाढल्या. टाटा रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं छाती तपासायच्या. मॅमोग्राफी नव्हती, डॉक्टरही नव्हते. २०२१ मध्ये २० वर्षांचा हिशेब आला. तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडणाऱ्यांचं प्रमाण तपासणी न झालेल्या वस्त्यांत ४७ टक्के होतं, तपासणी झालेल्यांत ३७. पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र तसा फरक दिसला नाही. जाऊबाई ५२ वर्षांच्या आहेत आणि तुम्ही ५८.

सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या प्रत्येक बाईची छाती ५ वर्षांतून एकदा हातानं तपासायची तरतूद आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, तपासणी उपकेंद्रात होते. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी अशी तपासणी कधीतरी झालेल्या जेमतेम ०.९ टक्के निघाल्या. शंभरात एकसुद्धा नाही. हे वाचून मला वाईट वाटलं आणि रागही आला, कारण या तपासणीला ना यंत्र लागतं ना वीज. जाऊबाईंच्या निमित्तानं गावात एक गोष्ट करता येईल. संक्रांत जवळ आलीय. हळदीकुंकवाला बायका जमतातच, बचत गटाच्याही असतात. त्या दिवशी उपकेंद्रातल्या सिस्टरना बोलवा आणि तपासणीचा एक दिवस तिथंच ठरवून घ्या.

लेकीच्या प्रश्नांची उत्तरं आता सोपी आहेत. या नकाशासाठी परत यायचं कारण नाही. आई-वडिलांसाठी, माणसांसाठी यावंसं वाटत असेल तर जरूर यावं, पण रोगाच्या भीतीनं नको. तिथली सध्याची शिफारस ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करण्याची आहे, तेव्हा तिच्या हातात अजून काही वर्षं आहेत. तोवर आपली छाती नेहमी कशी असते याची तिला ओळख हवी. नवी गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढलं गेलेलं बोंड, त्यातून येणारं रक्त, काखेतली गाठ, यातलं काही दिसलं तर वयाचा विचार न करता डॉक्टरकडं जावं. मूल व्हायला उशीर झाला म्हणून तिला बोल लावू नका. एकट्या त्या कारणानं कुणाला कॅन्सर होत नाही, आणि आईच्या तोंडून ते ऐकलं की मुलगी पुढचं काही सांगायची बंद होते.

घराण्याचं म्हणाल तर जाऊबाई आणि तुमची लेक यांच्यात रक्ताचं नातं नाही. जाऊबाईंना उद्या काही निघालं तरी तुमच्या लेकीचा धोका त्यानं वाढत नाही. तिच्यासाठी बघायचं ते तुमच्या माहेरकडं आणि यजमानांच्या रक्ताच्या नात्यात: तुमची आई, बहिणी, मावश्या, यजमानांची आई, बहिणी, आत्या. तिथं कुणाला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर झाला होता का, कितव्या वर्षी, हे एका कागदावर लिहून तिला पाठवा. आनुवंशिक कॅन्सर शंभरात पाच-दहाच असतात, पण तिथले डॉक्टर हा प्रश्न हमखास विचारतात. जाऊबाईंना मुली असतील तर त्यांना मात्र आईचा रिपोर्ट काय येतो हे कळलं पाहिजे.

आणि तुमचं काय? वय सोडलं तर पत्रात स्वतःबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. तुमची छाती शेवटची कुणी, कधी तपासली? जाऊबाईंना ‘दोघी मिळून जाऊ’ म्हणणार आहात ते खरं करा. एकाच दिवशी दोन केसपेपर काढा.

या आठवड्यात करायचं ते असं. आज रात्री धाकट्या दिरांना फोन, उद्यापासून म्हशीच्या धारेला दुसरा हात. जाऊबाईंना दोन दिवस आधीच राजारामपुरीला आणून ठेवा, म्हणजे पहाटेची एसटी चुकली म्हणून खाडा होणार नाही. जुन्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या असतील त्या, दोघांची आधारकार्डं आणि रेशनकार्ड बरोबर. सुटसुटीत, पुढून उघडणारं पोलकं घालायला सांगा. बायोप्सीचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतील, तोवर त्यांना गावाकडं एकटं सोडू नका. रिपोर्ट हातात आला की मला कळवा, तो कसा वाचायचा आणि डॉक्टरांना पुढं काय विचारायचं, ते आपण मिळून बघू.